देवळदेवीचे मन



ऐतिहासिक कादंबरीतील प्रेमकथा आपण आवडीने वाचतो. पण ते प्रेम कोणाचे, हे क्वचितच विचारतो. गुजराथच्या कर्ण वाघेल्याची कन्या देवळदेवी हिचेच उदाहरण घ्या. १२९९ साली अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजराथेवर स्वारी केली आणि राणी कमलादेवी दिल्लीच्या जनानखान्यात गेली. पुढे मुलगी देवगिरीच्या यादवांकडे द्यावयाची ठरली. परंतु वाटेत, फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे वेरूळच्या लेण्यांजवळ, ती शत्रूच्या हाती पडली. दिल्लीस शाहजादा खिज्रखानाशी तिचा विवाह झाला. अमीर खुस्रोने त्यावर प्रेमकाव्य रचले. १८६६ साली नंदशंकर मेहतांनी कर्णाची कथा 'करण घेलो' या गुजराथीतील पहिल्या कादंबरीत सांगितली.

दरबारी कवीस प्रीती दिसली, कादंबरीकारास राज्यनाश. देवळदेवीचा स्वतःचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही. तिच्या मनात प्रीती उपजलीच नसेल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जिला नकाराची मुभा नव्हती, तिच्या होकाराचे मोल कसे करावयाचे? कादंबऱ्या जरूर वाचाव्या. मात्र राजपुत्राच्या सुस्काऱ्यांबरोबर त्या मुलीचा अबोलाही ऐकावा, एवढीच विनंती.