सेवकाच्या श्वासाचें रक्षण

(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदांत आम्ही मास्कचा विषय काढावा, याचें कोणास नवल वाटेल. परंतु आपल्या धर्मग्रामांतील कितीएक लेकी रुग्णालयांत परिचारिका आहेत. दुसऱ्याचा जीव वांचवितांना त्यांचा स्वतःचा श्वास निर्भय असावा, ही काळजी त्यांस सेवेला धाडणाऱ्या आपणां सर्वांची आहे.

१९१० च्या अखेरीस मांचुरियांत फुप्फुसाच्या प्लेगची सांथ उद्भवली. पिनांग येथें जन्मलेले व केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह हे हार्बिन शहरीं गेले. हा रोग रोग्याच्या श्वासावाटें पसरतो, हें त्यांनीं ओळखलें. आणि जाळीदार कापडांत कापसाची घडी घालून तोंडावर बांधावयाची पट्टी तयार करविली. मेनी नांवाच्या फ्रेंच डॉक्टरांस हें पटलें नाहीं. ते पट्टीवांचून रोग्यांकडे गेले व थोड्याच दिवसांत त्याच रोगानें मरण पावले. त्या सांथींत सुमारें ६०,००० माणसें दगावलीं. तारणाऱ्या पट्टीस लागलें काय? कापूस आणि कापड!

आजचा एन-९५ मास्क अधिक गुणी खरा. त्याच्या तंतूंवर विद्युद्भार असतो. म्हणून तो सूक्ष्म कणांपैकीं निदान ९५ टक्के अडवितो. परंतु साबणानें धुतल्यास तो भार जातो. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत माल अपुरा पडला, आणि एका दिवसाचा मास्क अनेक दिवस पुरविण्याची पाळी ठिकठिकाणच्या परिचारिकांवर आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळांत जगांतील ८०,००० ते १,८०,००० आरोग्यसेवक त्या रोगास बळी पडले असावेत.

त्याच वर्षीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व बोस्टनचें ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालय यांतील मंडळींनीं सिलिकोन रबराचा मुखवटा सांच्यांत घडविला. मुखवटा निर्जंतुक करून पुनःपुन्हा वापरावयाचा; गाळणी तेवढी बदलावयाची. ज्या २० सेवकांची चांचणी पुरी झाली, त्या सर्वांस तो नीट बसला.

असें काम आपल्याकडे कां होऊं नये? सांचे घडविणारे कुशल हात येथें आहेत. मात्र नुसता उत्साह पुरत नाहीं. मुखवटा चेहऱ्याशीं घट्ट न बसला, तर फटींतून दूषित हवा शिरते. म्हणून आपल्याच परिचारिकांच्या चेहऱ्यांवर तो पारखला पाहिजे. गाळणीची परीक्षा झाली पाहिजे, आणि धुण्याची जबाबदारी कोणावर, हें ठरलें पाहिजे. तो जड वाटतो, बोलणें अस्पष्ट होतें, ही तक्रारहि ऐकून घेतली पाहिजे.

सांथ ओसरली म्हणून गरज ओसरत नाहीं. क्षयाच्या वॉर्डांत ती नित्याची आहे. आपल्यांतील कारागिरांनीं परिचारिकांजवळ बसून त्यांची अडचण प्रथम समजून घ्यावी, आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीं कामास लागावें. सेवेस गेलेली लेक सुखरूप घरीं परतावी, यास आपलाहि हात लागो.