चेरीच्या बागेवरचे हेलिकॉप्टर



पिकत्या द्राक्षावर अवकाळी पाऊस पडला की मणी तडकतात, हे नाशिककडच्या माणसाला आम्ही सांगायला नको. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, यकिमा-वेनाची या भागात, हेच दुःख चेरीचे आहे. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की देठाजवळच्या खळगीत पाणी साचते, साल ते शोषते व फळ फुटते. म्हणून बागाइतदार हेलिकॉप्टर बोलावतो. ते झाडांच्या शेंड्यांवरून अगदी संथ फिरते आणि पंख्याच्या वाऱ्याने पाणी झाडून टाकते.

आता यातली गोम पाहा. इंजिन बंद पडले म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळतेच असे नव्हे. पुरेशी उंची किंवा वेग असला, तर खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरत राहतो आणि वैमानिक सुखरूप उतरू शकतो. उंची ही त्याची गाठीची शिल्लक, वेग हीही शिल्लकच. चेरीवर उडणाऱ्याजवळ दोन्ही नसतात. या धोक्याच्या पट्ट्याला वैमानिक ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात. एरवी तो टाळायचा. येथे मजुरीच त्यात उभे राहण्याची!

शिवाय विजेच्या तारा. खांब दिसतो, तार दिसत नाही. तारेत अडकलेल्या कित्येक वैमानिकांना ती तार आधी ठाऊक होती. कामाच्या नादात मनातून गेली, इतकेच.

आम्ही विमानविद्या शिकलेलो नाही. शाळासुद्धा अर्धीच झाली. पण पॉवर प्रेसवर बोटे गेलेले कामगार आम्ही पाहिले आहेत. एका कारखान्यात चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा पडला. उत्पादन वाढावे म्हणून संरक्षक जाळी कोणी काढायला लावली, याला त्या कागदात रकानाच नव्हता. ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द वाचले की आम्हाला तो कागद आठवतो.

चेरीच्या करारांत पुष्कळदा नुसते सज्ज राहण्याचेही दिवसाचे पैसे ठरतात. आमच्या मते हेच सुरक्षेचे पहिले कलम. उडाला तरच पैसे, असे असेल तर अंधुक उजेडात ‘नाही’ कोण म्हणेल? बागेत आधी पायी हिंडून तारा नि खांब नकाशावर टिपण्याचा वेळही करारात धरला पाहिजे. पहाटे पाऊस थांबून फोन वाजतो, तेव्हा बागाइतदाराचे वर्षाचे पीक टांगणीला लागलेले असते. त्याला आम्ही दोष देत नाही. पण त्या घटकेला कोणी नकाशा काढायला बसत नाही.