वऱ्हाडला कोणी विचारले?



बलाढ्य शेजाऱ्याच्या सावलीत जगणे म्हणजे काय, हे वऱ्हाडला कोणी शिकवावयास नको. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने दिला. दोन्ही वेळा इथल्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही.

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला विकासनिधीत व नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळा विदर्भ सुचविला. आपल्या वणीचे लोकनायक अणे यांचाही तोच आग्रह होता. १९६० साली मात्र आपण महाराष्ट्रात आलो. भाषा एक झाली, बळ समान झाले नाही. नागपुरात अधिवेशन भरू लागले. उरलेल्या वचनांचा हिशेब आजही मागावा लागतो.

तो अवश्य मागू या. परंतु पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडात राबणारा बीडचा मजूर आपला वैरी नव्हे. आणि उद्या वेगळे राज्य झाले, तरी पोडावरच्या कोलामाला व कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला निर्णयात स्थान नसेल, तर सत्तेचे केवळ गाव बदलेल. या दोघांना विचारल्याविना ठरलेली अस्मिता ही पुन्हा एक पट्टाच ठरेल.