कवरत्ती: प्रवाळावरील नगर



लक्षद्वीप हा केंद्रशासित प्रदेश 1956 साली अस्तित्वात आला; त्याचे मुख्यालय मात्र 1964 पर्यंत कोळिकोडला होते. त्या वर्षी ते कवरत्तीला आले आणि नारळीच्या बागांतील एका गावाचे नगर होऊ लागले. 2011 च्या जनगणनेत येथील वस्ती 11,000 हून अधिक भरली. ती जवळजवळ सर्व मुसलमानांची आहे. बोली मल्याळमची; इस्लामी आचार आणि आईकडून चालत येणारी तरवाडाची मालमत्ता ही दोन्ही येथे शतकानुशतके एकत्र नांदली.

नगराचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. बेटावर नदी नाही. पावसाचे पाणी प्रवाळी वाळूत झिरपते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यावर पातळ थराने तरंगत राहते. पोहऱ्याने बेताने शेंदले तर हा थर टिकतो; पंपाने उपसला तर खालचे खारे पाणी वर चढते. शिवाय शोषखड्ड्यांतील मैला त्याच वाळूतून विहिरीपर्यंत पोहोचतो.

2005 मध्ये येथे दररोज एक लाख लिटर गोडे पाणी देण्याच्या क्षमतेचे संयंत्र उभे राहिले. समुद्रपृष्ठावरील उबदार पाण्याची कमी दाबाखाली वाफ करावयाची आणि सुमारे 350 मीटर खोलीवरील थंड पाण्याने ती निववावयाची, अशी त्याची रीत. हे पाणी मोलाचेच. परंतु त्याला वीज लागते, आणि बेटावरची वीज दीर्घकाळ जहाजाने येणाऱ्या डिझेलवर अवलंबून राहिली. म्हणून संयंत्र आले तरी विहिरीकडे पाठ फिरविता येत नाही. कवरत्तीच्या विकासाचे माप नव्या इमारतींवरून नव्हे, तर विहिरीचे पाणी गोडे राहिले की नाही यावरूनच घ्यावे लागेल.