कावळ्याची बाजू



वसंत व्याख्यानमालेत कोकिळेचं नाव निघालं नाही, असं सहसा होत नाही. मीही तिच्यापासूनच सुरुवात करते. आपल्या कवितेत कोकिळा गाते. झाडावर मात्र 'कुहू' म्हणतो तो नर, आणि काळाभोर असतो तोही नरच. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. तिचा आवाज 'किक्-किक्' असा तुटक. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात आणि तिची पिल्लं वाढवतात कावळे. गाण्याचं श्रेय जिला दिलं ती गात नाही. पिल्लांना भरवून जे दमतात त्यांना आपण कर्कश म्हणून हाकलतो. समोरच्या फांदीवर बसलेलं पाखरूसुद्धा आपण ऐकीव गोष्टींतून बघतो.

कावळा आणि बाई या दोघांवर अशा ऐकीव गोष्टींचे थर चढले आहेत. ते थर खरवडण्याचं काम मिश्र माध्यमातली कला कसं करते, हे मला आज सांगायचं आहे.

मिश्र माध्यम म्हणजे नुसता रंग आणि कॅनव्हास नव्हे. वर्तमानपत्राचा कपटा, जुनी साडी, दोरा, पत्रा, केस, फोटो, शेण, कुंकू, जे हाताशी असेल ते चित्रात येतं, आणि येताना आपला पूर्वेतिहास घेऊन येतं. रंगाच्या ट्यूबमधला लाल हा फक्त लाल असतो. कुंकवाचा लाल कपाळावरून येतो. कुणी ते लावायचं आणि कुणी पुसायचं, याचे नियम त्या चिमूटभर पुडीत बांधलेले असतात.

या कलेची जात कावळ्याला ठाऊक आहे. शहरातल्या कावळ्याचं घरटं जवळून बघा. काटक्या असतात, त्यांत लोखंडी तारा, वायरींचे तुकडे आणि आत काथ्याचं अस्तर. शेण कुठेच नसतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलांना सांगत आलो की कावळ्याचं घर शेणाचं, पावसात ते वाहून गेलं, आणि मेणाच्या घरातली चिमणी दार उघडेना, कारण तिला बाळाला न्हाऊमाखू घालायचं होतं. त्या गोष्टीत मुलींनी कुणासारखं व्हायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. दार लावून घेणारी, घर नीटनेटकं ठेवणारी चिमणी हा आदर्श. बाहेर फिरणारा, मोठ्यानं बोलणारा, मिळेल ते खाणारा कावळा हा धडा. मुलगी जरा तोंड वर करून बोलली की घरात पहिलं वाक्य येतं, 'काय कावकाव लावलीय!'

आता जरा अवघड भागाकडे येते. इथे आज्या आहेत, नातीही आहेत. सगळ्यांसमोर बोलायला हरकत नसावी. माझ्या पिढीतल्या मुलांनी लहानपणी ऐकलेलं आहे : 'आईला शिवू नकोस, तिला कावळा शिवलाय.' आई कोपऱ्यात बसलेली, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. मूल विचारायचं, कावळा शिवला कुठे? मला कसा दिसला नाही? उत्तर मिळायचं नाही. पाळी हा शब्द उच्चारायचा नाही, म्हणून सगळा दोष अंगणातल्या एका पाखरावर.

त्याच घरात कुणी गेलं की दहाव्या दिवशी घाटावर सगळे त्याच पाखराची आर्जवं करतात. पिंडाला कावळा शिवला की जीव सुटला. जो स्पर्श मेलेल्याला मुक्त करतो, तोच जिवंत बाईला चार दिवस बाजूला बसवतो. कावळा दोन्हीकडे निर्दोष आहे. निवाडा माणसांनी केला आणि सही कावळ्याची घेतली.

महेश मांजरेकरांचा 'काकस्पर्श' हा २०१२ सालचा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. उषा दातार यांच्या कथेवरचा. कोकणातलं घर, वयात येताच विधवा झालेली उमा. तिच्या नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही. थोरला दीर पुढे होऊन मनाशी एक शपथ घेतो आणि कावळा शिवतो. त्या शपथेवर उमाचं पुढचं सगळं आयुष्य बेतलं जातं. तो दीर तिचं केशवपन होऊ देत नाही, गावाशी भांडतो. माणूस भलाच आहे. पण तिच्या देहाबद्दलचा करार तो, मेलेला भाऊ आणि कावळा या तिघांत होतो. जिच्याबद्दल करार आहे तिला कुणी विचारत नाही. भलेपणानंही बाईचा निर्णय हिरावला जाऊ शकतो, हे त्या कथेनं फार स्पष्ट दाखवलं आहे.

याहून जुना पुरावा दगडात आहे. दक्षिणेत पल्लवकाळापासून ज्येष्ठादेवीच्या मूर्ती आहेत. कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरातही ती आहे. ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण. सुटलेलं पोट, ओघळलेले स्तन, हातात झाडू आणि ध्वजावर कावळा. एके काळी तिची पूजा होत होती. पुढे ती मागे पडत गेली आणि उरली फक्त भीती. आपल्याकडे तिलाच अक्काबाई म्हणतात आणि तिचा फेरा येऊ नये म्हणून प्रार्थना करतात. दशमहाविद्यांमधली धूमावतीही तशीच : विधवा, म्हातारी, हातात सूप, रथावर कावळ्याचा ध्वज. लक्ष्मीला मात्र राजा रवि वर्म्यानं गोरी, भरजरी, कमळावर उभी केली. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्यानं तिला घराघरांतल्या भिंतीवर पोचवलं. थोरलीचं चित्र आपल्या भिंतीवर आलं नाही. वय झालेलं, सैल पडलेलं, बाळंतपणं सोसलेलं बाईचं शरीर देवी असू शकतं, ही कल्पना तिच्याबरोबरच आपल्या नजरेआड गेली.

आता जरा लांब जाते, अमेरिकेत. तिथे जिम क्रो नावाचं एक सोंग होतं. १८३०च्या सुमाराला थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून ते करायचा आणि लोक हसायचे. 'क्रो' म्हणजे कावळा. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांच्या शाळा, रेल्वेचे डबे, पाण्याचे नळ वेगळे करणारे कायदे झाले, ते याच सोंगाच्या नावानं ओळखले गेले. बेटी सार ही १९२६ साली जन्मलेली कृष्णवर्णीय चित्रकर्ती. जुन्या बाजारातून काळ्या लोकांची टिंगल करणाऱ्या वस्तू विकत आणायच्या आणि त्याच जोडून चित्र उभं करायचं, ही तिची रीत. १९७२ सालच्या तिच्या एका कृतीचं नाव आहे 'ब्लॅक क्रोज इन द व्हाइट सेक्शन ओन्ली' : फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेत काळे कावळे. शिवी म्हणून दिलेलं पाखरू तिनं थेट मनाई असलेल्या जागी नेऊन बसवलं.

त्याच वर्षी तिनं 'द लिबरेशन ऑफ आंट जमायमा' केली. आंट जमायमा म्हणजे पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरची हसरी काळी मोलकरीण. सारनं त्या मोलकरणीची बाहुली एका उथळ पेटीत उभी केली, मागे खोक्यावरचे तेच चेहरे ओळीनं लावले. बाहुलीच्या एका हातात झाडू होता तो तसाच ठेवला. दुसऱ्या हातात रायफल दिली. झाडू काढून टाकला नाही, ही गोष्ट लक्षात घ्या. तिच्या आधीच्या बायका झाडू मारत होत्या, ते श्रम तिला लपवायचे नव्हते. आपली ज्येष्ठाही झाडू घेऊनच उभी आहे. एक कांचीपुरमची, एक कॅलिफोर्नियातली. दोघींच्या अंगावर समाजानं टाकलेल्या खुणा त्यांच्या हातात शस्त्रासारख्या दिसू लागतात.

हे सगळं परदेशातच घडतं असं समजू नका. आपण राहतो त्या बंगळूरकडे बघा. शीला गौडा मूळ भद्रावतीच्या, १९५७ साली जन्मलेल्या. बंगळूरच्या केन स्कूलमध्ये आणि पुढे बडोदा, शांतिनिकेतन, लंडन इथे शिकल्या. चित्रकार म्हणून सुरुवात केली आणि १९९२च्या सुमाराला, देशात दंगलींचा वणवा असताना, त्यांनी शेण हाताळायला घेतलं. जमीन सारवणं, गोवऱ्या थापणं ही बायकांची कामं; त्याच कामांचं साहित्य त्यांनी कलादालनात नेलं. १९९८ साली 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' ही कृती झाली : सुयांत ओवलेला लांबच लांब दोरा, कुंकवानं माखलेला, जमिनीवर आतड्यांसारखा पसरलेला. बाईचं चित्र त्यात कुठेही नाही. बाई मात्र पूर्ण आहे. 'बिहोल्ड'मध्ये माणसांच्या केसांचे दोर मोटारींच्या बंपरना पेलून धरतात.

पुष्पमाला एन. यांचा रस्ता वेगळा. १९५६ साली इथेच जन्मलेल्या, मूळच्या शिल्पकार. त्यांनी क्लेअर आर्नी या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर २००० ते २००४ या काळात 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही मालिका केली. रंगवलेले पडदे, दागिने, कपडे सगळं उभं करून त्या स्वतःच रवि वर्म्याची लक्ष्मी झाल्या. मानववंशशास्त्रज्ञांनी चौकटीच्या पडद्यापुढे उभी करून मोजलेली आदिवासी बाईही त्याच झाल्या. एकच चेहरा कधी देवी, कधी नमुना. ओवाळणारी आणि मोजणारी, दोन्ही नजरा बाहेरून आलेल्या आहेत, हे आपल्याला बघता बघता कळतं.

या दोघींच्या कामात कावळा शोधू नका. अपवित्र, अशुभ, कमअस्सल म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टीनंच बोलायचं, ही त्यांची रीत मात्र कावळ्याच्या बाजूची आहे. आणि ज्याला खरोखर कावळाच बघायचा असेल, त्याला म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांना विसरता येणार नाही. कॉमन मॅनबरोबरच त्यांनी कावळेही रंगवले, जन्मभर, कंटाळा न करता. हिरव्या झाडीत काळा रंग उठून दिसतो, एवढं साधं कारण त्यांना पुरलं. कावळा शुभ की अशुभ, हा प्रश्न त्यांच्या कुंचल्याला पडला नाही. पण लक्ष्मण यांचा कावळा बघताना आपल्याला मौज वाटते. जिला चार दिवस कोपऱ्यात बसवलं ती कावळा काढेल तेव्हा मौजेबरोबर आणखीही काही येईल.

इथे एक इशारा द्यायला हवा. आत्मस्वीकार हा शब्द हल्ली क्रीमच्या बाटलीवरही असतो. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं. त्याच वर्षी आंट जमायमाला खोक्यावरून उतरवण्याची घोषणा झाली. नावं बदलली ते चांगलंच झालं. पण 'काळं किती सुंदर' असा दाखला कुणीतरी आपल्याला द्यावा आणि मग आपण स्वतःला स्वीकारावं, यात दाखला देणारा हात दुसऱ्याचाच राहतो. बावेरू जातकात हे नेमकं आहे. जिथे पक्षीच नव्हते अशा बावेरू देशी व्यापारी एक कावळा नेतात. लोक त्याला पिंजऱ्यात ठेवतात, मांस आणि फळं भरवतात. पुढच्या खेपेला मोर येतो आणि कावळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कावळा तोच होता. कौतुकावर उभा राहिलेला मान पुढचं गलबत येईपर्यंतच टिकतो.

मग भक्कम आधार कशाचा? माझं उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली, स्वतःच्या हातांनी केलेलं काम. ऑक्सफर्डमध्ये न्यू कॅलेडोनियन जातीची एक कावळी होती. तिचंही नाव बेटीच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नळीच्या तळाशी खाणं ठेवलं होतं आणि शेजारी दोन तारा, एक आकडा असलेली, एक सरळ. आकड्याची तार जोडीदार नरानं पळवली. बेटीनं उरलेली सरळ तार वाकवली, स्वतः आकडा केला आणि खाणं वर काढलं. शास्त्रज्ञ थक्क झाले. आपल्या घरांतल्या बायका होणार नाहीत. चांगली तार दुसऱ्यानं नेल्यावर उरलेल्या तारेत भागवणं त्यांच्या नित्याचंच आहे. फरक इतकाच की बेटीचं नाव नोंदलं गेलं.

दुसरी गोष्ट संगतीची. बसवण्णांच्या एका वचनात कावळा आहे : त्याला एक शीत दिसलं तरी तो आपल्या गोताला हाका मारतो. कन्नड माणसाला कावळा म्हटलं की हे आठवतं. एकटीनं आरशापुढे उभं राहून स्वतःला स्वीकारणं अवघड आहे, आणि बहुतेक वेळा ते टिकत नाही. चौघी जमल्या की जमतं. बायकांच्या कलाशिबिरात कापड फाडताना, खळ लावताना, तारा वाकवताना जे बोलणं निघतं ते भाषणातून निघत नाही.

आपल्याकडेही कावळ्याला मानानं बोलावणारी एक बाई आहेच : ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतली. दाराशी ओरडणारा कावळा तिला शकुन वाटतो; पाहुणा येणार असेल तर ती त्याचे पाय सोन्यानं मढवायला तयार आहे. अक्कमहादेवीनं चन्नमल्लिकार्जुनाचा पत्ता पोपट, कोकीळ, हंस, मोर यांना विचारला. मराठी विरहिणीनं तो कावळ्याला विचारला. तेव्हा कावळ्याला अपशकुनी ठरवणारी आपली परंपरा एकसंध नाही. तिच्यातला कुठला धागा उचलायचा, ते आपल्या हाती आहे.

म्हणून एक प्रस्ताव मांडते आणि थांबते. दर जानेवारीत एका रविवारी कुमारकृपा रस्त्यावर चित्रकला परिषदेची चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार, भरते. २०२५ सालची मुलींना अर्पण केलेली होती. तिथे मोर आणि गणपती भरपूर मिळतात. पुढच्या चित्रसंतेआधी आपल्या मंडळातल्या मुलींनी, आयांनी आणि आज्यांनी मिळून एक मोठा कावळा करावा. साहित्य प्रत्येकीनं घरून आणायचं आणि एकच अट : आणलेली वस्तू अशी हवी, जिच्यावरून तिला कधीतरी गप्प केलं गेलं, बाजूला बसवलं गेलं किंवा हिणवलं गेलं. पुरुषांनी तारा वाकवून द्याव्यात. कुठली तार कुठे लावायची ते मात्र त्यांनी सांगू नये. खर्चाचा अंदाज कार्यवाहांनी विचारलाच आहे. खळ, सुतळी आणि चहा, एवढंच लागेल. आता प्रश्न विचारा. आणि आजच्या दिवस पहिला प्रश्न मागच्या रांगेतून, एखाद्या मुलीकडून येऊ द्या.