८६ की ६८?

मे महिना, चामोर्शीकडं तेंदूपत्त्याचे दिवस. ७० पानांचा एक पुडा. शाळेत न गेलेली काकू बोलता बोलता ७० पानं बरोबर मोजते. (आपण मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर शोधतो!) मग अडतं कुठं? फळीवर. तिनं ८६ पुडे दिले अन् कार्डावर ६८ पडले, तर? मजुरी लिहिलेल्या आकड्यावरच निघते.

नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, २०२२ ते २०२७ चा आहे. १५ वर्षांवरचं कुणीही शिकू शकतं, शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक. म्हणजे तुम्हीपण!

माझं विचाराल तर सहीपासून सुरू करू नका. सही गिरवून कार्ड वाचता येत नाही. आधी आकडे घ्या, अन् तेही तिच्याच कार्डावरचे. आज जेवणं झाली की बसा.