शरीरश्रम, बिडी आणि मूत्राशयाचा कर्करोग

मूत्रपिंडांत तयार झालेली लघवी मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते आणि तिथे काही तास थांबते. मूत्राशयाच्या कर्करोगाचा उलगडा या थांबण्यापासूनच होऊ लागतो. रक्तातून गाळली गेलेली घातक द्रव्ये लघवीत एकवटतात आणि साठा रिकामा होईपर्यंत आतल्या अस्तराच्या पेशींना भिडलेली राहतात. फुफ्फुसात ओढलेला धूर इतक्या दूरच्या अवयवाला कसा बाधतो, याचे उत्तरही यात आहे. तंबाखूच्या धुरातील अरोमॅटिक अमाइन गटातली रसायने फुफ्फुसातून रक्तात जातात. यकृतात त्यांच्यावर प्रक्रिया होते आणि शेवटी ती लघवीत येतात. त्यांचे काही अंश अस्तराच्या पेशींतील डीएनएला चिकटतात, त्यातून बिघाड साचत जातो आणि वीस-तीस वर्षांनी गाठ दिसते. म्हणूनच हा आजार बहुधा उतारवयात उघडकीस येतो.

ही रसायने प्रथम कारखान्यांतून ओळखीची झाली. जर्मन शल्यवैद्य लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन नावाचा रंग बनवणाऱ्या कामगारांतील मूत्राशयाच्या गाठींची नोंद केली. मुंबईत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही रसायने आणि औषधे बनवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांत या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. इतर कारणेही आहेत. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक हे त्यांपैकी सिद्ध झालेले एक कारण. या लेखात ज्याचा मुख्यतः विचार केला आहे त्या पूर्व विदर्भातील गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडच्या जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात, अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा परिसरात, भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये नोंदले गेले. आफ्रिकेत शिस्टोसोमा नावाच्या कृमीमुळे हा रोग होतो. त्याच जातकुळीच्या कृमीचे भारतातले एक ठिकाण १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात सापडले होते. तरीही या साऱ्या कारणांची बेरीज तंबाखूच्या धुराच्या जवळपास येत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीनुसार स्त्रिया आणि पुरुष दोघांतही सुमारे निम्मे रुग्ण धूम्रपानामुळे आजारी पडतात आणि धूम्रपान चालू असलेल्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट असतो.

जगात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सहा लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. पुरुषांतील प्रमाण स्त्रियांच्या तीन ते चार पट आहे. भारतातील बहुतेक कर्करोग नोंदवह्यांत पुरुषांमधला दर लाखामागे दोन ते पाचच्या आसपास दिसतो, दिल्लीत तो याहून जास्त आहे. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३ लाख २२ हजार होती आणि त्यात साडेसहा लाखांवर पुरुष होते. लाखामागे तीनचा दर धरला, तर वर्षाला सुमारे वीस पुरुष, असा ढोबळ हिशेब निघतो. हा केवळ अंदाज आहे, पण एवढ्यावरून रोग विरळ असला तरी परका नाही हे कळते.

शारीरिक हालचालीने हा धोका कमी होतो का, या प्रश्नाचा सर्वांत व्यापक आढावा २०१४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी घेतला. पंधरा अभ्यास, ५४ लाखांहून अधिक माणसे आणि २७,७८४ रुग्ण त्यांनी एकत्र तपासले. सर्वांत जास्त हालचाल करणाऱ्यांचा धोका सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा सरासरी १५ टक्क्यांनी कमी निघाला. फुरसतीतल्या व्यायामाने घट सुमारे १९ टक्के होती, कामाच्या निमित्ताने होणाऱ्या श्रमाने सुमारे १० टक्के. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, अमेरिका आणि युरोपातील १४ लाख ४० हजार प्रौढांची माहिती एकत्र करून २६ प्रकारचे कर्करोग पाहण्यात आले. फुरसतीत अधिक हालचाल करणाऱ्यांत त्यांपैकी १३ प्रकारांचे प्रमाण कमी होते आणि मूत्राशय त्या तेरांत होते. इथे घट १३ टक्के होती. अमेरिकी सरकारच्या सल्लागार समितीने २०१८ मध्ये हा पुरावा भक्कम मानला.

एवढ्यावर निकाल लागला असे म्हणता येत नाही. त्याच वर्षी जागतिक कर्करोग संशोधन निधीने हालचालीचा ठाम फायदा मोठे आतडे, रजोनिवृत्तीनंतरचा स्तन आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्या कर्करोगांपुरताच मान्य केला. साडेसात लाख माणसांच्या २०२० मधील अभ्यासात शिफारशीइतक्या हालचालीमुळे कमी झालेले सात कर्करोग दिले आहेत. त्यांत मूत्राशय नाही.

मतभेद का, हे समजणे अवघड नाही. नियमित व्यायाम करणारा माणूस सहसा धूम्रपान कमी करतो, वजन सांभाळतो आणि डॉक्टरकडे वेळेवर जातो. त्याच्या वाट्याला आलेल्या फायद्यातला किती भाग चालण्याचा आणि किती न ओढलेल्या सिगारेटचा, हे गणिताने वेगळे करता येते, पण पूर्णपणे नाही. आजाराची सुरुवात झालेला माणूस निदानाच्या आधीच मंदावतो आणि मग कारण व परिणाम उलटे दिसू लागतात. शिवाय या पाहण्यांतली माणसे मुख्यतः युरोप-अमेरिकेतली आहेत. बांधीत चिखल तुडवणारा शेतकरी त्यांत नाही.

हालचालीचा परिणाम होत असेल तर तो कोणत्या मार्गांनी, याची कल्पना बऱ्यापैकी स्पष्ट आहे. नियमित हालचालीने रक्तातले इन्सुलिन आणि पेशींच्या वाढीला चिथावणारे त्याच्यासारखे घटक खाली येतात. पोटावरची चरबी घटते आणि तिच्यामुळे शरीरभर धुमसणारा सौम्य दाह उतरतो. रोगप्रतिकारक पेशींचा पहारा सुधारतो. यांपैकी कोणताही मार्ग लघवीत उतरलेले अरोमॅटिक अमाइन बाहेर काढत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न वेगळेच वळण घेतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा आणि तलावांचा आहे. इथे श्रमाची कमतरता कधी नव्हती. पावसाळ्यात चिखलणी, पऱ्हे म्हणजे रोपे उपटणे, कमरेतून वाकून दिवसभर रोवणी, मग निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि त्यानंतर मळणी. आंतरराष्ट्रीय मोजमापात हे काम मध्यम ते जोरकस हालचालीत बसते. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम हालचालीची शिफारस इथल्या रोवणाऱ्या बाया पहिल्याच दिवशी ओलांडतात. मात्र हे श्रम वर्षभर सारखे नसतात. रोवणी आणि कापणीच्या हंगामात अंग मोडते, मधल्या महिन्यांत हात रिकामे राहतात. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आल्यापासून पुरुषांच्या वाट्याचे काम आणखी घटले आहे. रोवणीचा भार मोठ्या प्रमाणात बायांवरच आहे. कामाच्या श्रमात विसावा आणि वेग कामगाराच्या हाती नसतो. फुरसतीच्या व्यायामाइतका फायदा त्यातून मिळत नसावा, असे सुचवणारे पुरावे हृदयविकाराच्या अभ्यासांतही आहेत.

आणि याच जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत बिडी खोल रुजलेली आहे. उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलांत तेंदूपत्ता तोडला जातो. पहाटे निघायचे, पाने खुडायची, पुडके बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून द्यायचे, हा हजारो कुटुंबांचा हंगामी रोजगार आहे. पाने आणि जर्दा घरोघर पोचतो आणि बिडी वळली जाते. ही बिडी आरोग्याच्या बाबतीत सिगारेटपेक्षा सौम्य असल्याचा समज गावोगाव आहे, आणि तो चुकीचा आहे. तेंदूचे पान कागदाइतके हवा आत घेत नाही, बिडी विझू पाहते, म्हणून ओढणारा तिला वारंवार आणि जोराने ओढतो. फिल्टर नसतो. त्यामुळे एवढ्याशा बिडीतूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच, कधी जास्तही, आत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूच्या धुराला कर्करोगकारक ठरवताना बिडीचाही विचार केला आहे.

बांधावर बसून, घाम पुसत ओढलेली बिडी श्रमाने जिरून जाते, ही समजूत म्हणूनच घातक आहे. हिशेब साधा आहे. हालचालीने धोका दहा ते वीस टक्क्यांनी घटतो असे मानले, तरी धूम्रपानाने तो काही पटींनी वाढतो. चौपट वाढलेल्या धोक्यातून १५ टक्के वजा केले, तर उरतो जवळजवळ साडेतीन पट. दिवसभराची रोवणी बिडीच्या एका बंडलाची भरपाई करत नाही. धूम्रपान सोडल्यावर मात्र धोका पहिल्या काही वर्षांतच उतरू लागतो, जरी तो न ओढणाऱ्याइतका व्हायला दशके लागतात.

विदर्भात बिडीबरोबर खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला चघळण्याचा तंबाखूही घराघरात आहे. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ सुमारे ४ टक्के, तर चघळण्याचा तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के आढळले. खर्रा सर्वांत आधी तोंडाचा घात करतो. मूत्राशयाशी त्याचा संबंध धुराइतका स्पष्ट झालेला नाही. पण बिडी सोडून खर्रा धरणाऱ्याने केवळ आजाराची जागा बदललेली असते.

बिडी वळणाऱ्या स्त्रियांची बाजू या चर्चेत बहुधा सुटते. सुपात पाने आणि जर्दा घेऊन त्या दिवसाचे सात-आठ तास मांडी घालून, वाकून बसतात. मजुरी हजार बिड्यांवर मिळत असल्याने उठण्याचा प्रत्येक क्षण कमाई कमी करतो. त्यांतल्या बहुतेक जणी स्वतः ओढत नाहीत. तरीही जर्द्याची धूळ श्वासातून आणि निकोटिन कातडीतून आत जाते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांना बिडी कामगारांच्या लघवीत निकोटिनचे अवशेष आणि पेशींत उत्परिवर्तन घडवू शकणारी द्रव्ये आढळली होती. या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग जास्त होतो, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही, पण बैठे काम आणि तंबाखूचा संपर्क या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच आसनात एकत्र आल्या आहेत. अशा स्त्रीला व्यायामशाळेचा सल्ला देण्यात अर्थ नाही. तासाला एकदा उठून पाच मिनिटे चालणे, हात धुऊनच जेवणे आणि जर्द्याची टोपली मुलांपासून व झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणे एवढे तरी शक्य व्हायला हवे. ते शक्य होण्यासाठी मजुरीचा दर तसा असावा लागतो, आणि तो प्रश्न आरोग्य खात्याच्या एकट्याच्या हातातला नाही.

श्रमाबरोबर पाण्याचा मुद्दा येतो. अमेरिकेतील सुमारे ४८ हजार पुरुषांच्या १९९९ मधील अभ्यासात दिवसाला अडीच लिटरहून अधिक द्रव घेणाऱ्यांचा मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका सव्वा लिटरच्या आसपास थांबणाऱ्यांच्या निम्मा निघाला. पुढच्या पाहण्यांत हा फायदा इतका ठळक राहिला नाही. तर्क मात्र सरळ आहे: लघवी विरळ झाली आणि वारंवार बाहेर पडली, की अस्तराचा घातक द्रव्यांशी संपर्क कमी होतो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्या माणसाला या बाबतीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. घामाने पाणी जाते, लघवी गडद होते, आणि बायांना आडोसा नसल्याने त्या पाणी कमी पिऊन लघवी धरून ठेवतात.

ज्यांचे काम शेतातले नाही, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस लागू पडते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. गोंदियाच्या बाजारातील गल्ल्यावर बसणारा व्यापारी, राइस मिलचा हिशेबनीस, शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक यांना रोज अर्धा तास भरभर चालणे पुरेसे आहे. शेतकऱ्यानेही कापणी उरकल्यावर पुढच्या हंगामापर्यंत हे चालणे ठेवले, तर वर्षातली दरी भरून निघते.

या रोगाची पहिली खूण बहुतेकदा वेदनेशिवाय येणारे लघवीतले रक्त असते. ते एकदा दिसते आणि आठवडाभर नाहीसे होते, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या पट्ट्यात, लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात, सब्जा किंवा धन्याचे पाणी पितात, किंवा मूतखडा समजून थांबतात. जळजळीपुरते ते चालेल. लाल लघवी मात्र एकदा दिसली तरी तपासायला हवी, आणि चाळिशी ओलांडलेल्या बिडी ओढणाऱ्याने तर लगेच. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणे असा क्रम असतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगाच्या पुढच्या उपचारांसाठी रुग्ण बहुधा रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरच्या नागपूरला जातात.

निदानाच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश गाठी अस्तरापुरत्या मर्यादित असतात. त्या दुर्बिणीतून खरवडून काढतात, आणि गरजेप्रमाणे क्षयरोगाच्या लसीतला बीसीजी जंतू नळीने मूत्राशयात सोडतात. ही पद्धत १९७६ मध्ये कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी प्रथम वर्णन केली. गाठ स्नायूत उतरली असेल तर मूत्राशय काढावे लागू शकते, आणि इथे हालचालीचा पुन्हा संबंध येतो. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर व्यायाम दिलेले रुग्ण अंथरुणातून लवकर उठून जास्त चालू लागले, जरी त्यांचे रुग्णालयातले दिवस कमी झाले नाहीत. अस्तरापुरता असलेला रोग परत उद्भवण्याची प्रवृत्ती मोठी आहे. म्हणून गाठ काढल्यावर तीन महिन्यांनी पहिली दुर्बीण तपासणी होते आणि पुढे कित्येक वर्षे ठरलेल्या अंतराने ती चालू राहते. त्या काळात बिडी चालू ठेवणाऱ्यांत गाठ परत येण्याचे प्रमाण सोडून देणाऱ्यांपेक्षा जास्त आढळते.